चाळीस घोड्यांची गाडी

१९६४ साली दोन गाड्यांनी एकाच वेळी प्रवास सुरू केला. जर्मनीत स्टुटगार्टला पोर्शे ९११ चं उत्पादन सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडू लागली. पहिली शर्यतीच्या घराण्यातली, दुसरी बायकामुलांना घेऊन लग्नाला जाणारी. पहिली साठ वर्षांनंतरही त्याच नावानं बनते आहे. दुसरीचं नाव मधल्या काळात प्रीमियर प्रेसिडेंट झालं, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. गावाकडे मात्र तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत. तिच्या आधीच्या, गोल पाठीच्या मॉडेलला लोकांनी दिलेलं ‘डुक्कर फियाट’ हे नाव तर कंपनीनं दिलेल्या कुठल्याही नावापेक्षा जास्त टिकलं.

आकडे मांडले तर दोघींची तुलना करणंच अन्यायाचं वाटतं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्ती, वजन नऊशे किलोच्या आतबाहेर. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या पिढीतली साधी ९११ कॅरेरा २९८१ सीसीची, ताकद ३८५ अश्वशक्ती, वजन सुमारे दीड टन. उभी असलेली ही गाडी ४.२ सेकंदांत शंभराचा वेग गाठते आणि ताशी २९३ किलोमीटरपर्यंत जाते. टनामागे हिशेब केला तर पद्मिनीच्या वाट्याला पंचेचाळीसच्या जवळपास घोडे येतात, पोर्शेच्या वाट्याला अडीचशेच्या वर. मासिकांतून आणि व्हिडिओंतून होणारी तुलना बहुतेक वेळा इथेच संपते.

खरी तुलना मात्र रस्त्यावर होते, आणि तो रस्ता कुठला हे आधी ठरवावं लागतं. टेंभुर्णीचा रस्ता घ्या. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचं माढा तालुक्यातलं हे गाव. एका बाजूला उजनीचं धरण, दुसरीकडे कुर्डुवाडी, खाली करकंबवरून पंढरपूर, पलीकडे अकलूज. पुण्याहून आलेला माणूस इथे चहाला थांबतो, पंढरीला निघालेला इथून वळतो. महामार्ग चौपदरी आहे, मधे दुभाजक आहे, डांबर चांगलं आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार अशा चौपदरी रस्त्यावर मोटारीला जास्तीत जास्त शंभराचा वेग ठेवता येतो, आणि तो कमी करण्याची मुभा राज्याला आहे. म्हणजे २९३ ची क्षमता असलेल्या गाडीचा दोन तृतीयांश वेग कायद्यानंच कुलपात ठेवलेला आहे. पद्मिनी शंभरावर गेली की तिचं अंग थरथरू लागतं. ती आपली सत्तर-ऐंशीवर खूश असते.

टेंभुर्णी ते सोलापूर अंदाजे नव्वद किलोमीटर. ऐंशीच्या सरासरीनं गेलं तर सव्वा तासाच्या आत सोलापूर येतं. शंभरानं गेलं तर चोपन्न मिनिटं. कुणी एकशेसाठनं पिटाळलीच तर चौतीस मिनिटं. शंभर आणि एकशेसाठ यांच्यातली कमाई वीस मिनिटांची. ती वीस मिनिटं कशाच्या बदल्यात मिळतात, हे गळीत हंगामात संध्याकाळी सातनंतर या रस्त्यावर येऊन पाहावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली की या भागातले सगळे रस्ते उसाचे होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींवर उसाचे ढीग, मागच्या ट्रॉलीचा दिवा बंद, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. उसाची लांबडी वाढं दोन्ही बाजूंनी लोंबत असतात, त्यामुळे अंधारात ट्रॉलीची कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही. शेजारून टायरच्या बैलगाड्या जात असतात. गाडीवर बसलेल्या ऊसतोड कामगार बाईच्या मांडीवर लेकरू झोपलेलं असतं. ही सगळी वाहतूक ताशी दहा-पंधराच्या वेगानं चाललेली असते. एकशेसाठनं येणारी गाडी एका सेकंदात चव्वेचाळीस मीटर पुढे सरकते. डोळ्यांना ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तो एक सेकंद गेलेला असतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली धडकेची ऊर्जा चौपट होते. हा शाळेत शिकलेला नियम एकशेसाठला आणि ऐंशीला सारखाच लागू आहे, गाडीची किंमत कितीही असो.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. त्यातले दहातले सात बळी अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. यात स्पोर्ट्‌स कार किती होत्या हा मुद्दा नाही. त्या मूठभरच असणार. पण वेग हा गाडीचा सर्वांत मोठा गुण, ही समजूत त्या मूठभर गाड्यांच्या जाहिरातींतून खाली झिरपते आणि मग आठ लाखांच्या हॅचबॅकमधला पोरगाही वरवडे टोलनाका मागे पडल्यावर काटा कुठवर नेला ते सांगत बसतो.

आता दुसरी बाजू, टपरीशेजारच्या गॅरेजची. मे महिना, दुपारचे दोन, पारा बेचाळीसच्या पुढे. अशा वेळी जुनी फियाट रस्त्यात बंद पडण्याचं एक ठरलेलं कारण असे. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप वाफच ओढत राहायचा आणि कार्बोरेटर कोरडा पडायचा. मिस्त्री बॉनेट उघडून ठेवी, माठातल्या पाण्यात फडकं भिजवून पंपावर गुंडाळी आणि म्हणे, ‘दहा मिनिटं बसा, चहा घ्या.’ दहा मिनिटांनी गाडी सुरू. हा इलाज ड्रायव्हरलाही माहीत असे आणि मागच्या सीटवरच्या आजीलाही. थंडीत सकाळी चोक ओढायचा, पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरनं घासायचे, प्लग काढून गॅप बघायचा, जेटमध्ये कचरा अडकला तर तोंडानं फुंकायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी अखंड, दाराला ती छोटी तिकोनी काच, जी तिरकी केली की उजनीच्या पाण्यावरून आलेला वारा थेट चेहऱ्यावर. या गाडीत असं काही नव्हतं जे पाहून समजत नव्हतं.

आजच्या गाडीत वाफेची ही अडचण उरलेली नाही. पंप टाकीत बुडालेला असतो, पेट्रोल दाबानं जातं, किती जायचं ते संगणक ठरवतो. हा सुधार निर्विवाद आहे. पण डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला की मालक, ड्रायव्हर आणि गावातला पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री, तिघंही सारखेच अडाणी ठरतात. कंपनीचा स्कॅनर लागतो, तो मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये. गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागते. २०२० पासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं साहित्य दिलं की स्टेपनीही न देण्याची सवलत कंपन्यांना मिळाली आहे. बारीक कडेचा चपटा टायर खड्ड्यात आपटून फाटला, तर टेंभुर्णीच्या पंक्चरवाल्याकडे त्या मापाचा दुसरा टायर कुठून येणार?

इथवर वाचून हा जुन्या गाडीचा गौरव वाटेल, तर थांबायला हवं. पद्मिनीबद्दलचं प्रेम खरं आहे, पण त्या प्रेमात एक मोठी गोष्ट झाकली जाते. ती गाडी साधी होती याचं एक कारण असं, की तिला सुधारण्याची कुणाला गरजच नव्हती.

पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरचा संस्थापक सोलापूरचा. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदार झालेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर त्यांनी सुरुवातीची जी कामं घेतली, त्यांत बार्शी लाइट रेल्वेचं काम होतं. तीच ती छोटी गाडी, जिचं जंक्शन टेंभुर्णीशेजारच्या कुर्डुवाडीत. पुढे सिंदिया कंपनीची जहाजं, बंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. परकी सत्ता असताना या देशात मोटार बनेल असं म्हणणारा हा माणूस होता आणि त्यानं ते करून दाखवलं. १९५३ मध्ये ते गेले, त्याआधी फियाटशी करार झालेला होता.

नंतरचं चित्र तितकं उजळ नाही. परवान्यांच्या काळात कोणी किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी, किमतीवर नियंत्रण सरकारचं, आणि गाडी नोंदवून ग्राहक वर्षानुवर्षे वाट बघी. स्पर्धा जवळजवळ नव्हतीच. १९६४ च्या गाडीला १९९० च्या दशकातही बहुतेक तेच इंजिन आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक होते. तिला ‘स्वस्त गाडी’ म्हणायचं तेही जपून. टेंभुर्णी परिसरात ज्यांच्या दारात फियाट उभी राहिली ते डॉक्टर, अडते, बागायतदार, साखर कारखान्याचे संचालक. सामान्य शेतकऱ्यानं ती पाहिली ती लग्नाच्या वरातीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, त्यानंतरच मध्यमवर्गाला मोटार दिसू लागली, आणि तेव्हाच पद्मिनीची उतरण सुरू झाली. साधेपणा दोन प्रकारचा असतो. एक विचार करून आणलेला, दुसरा सुधारणा थांबल्यामुळे उरलेला. पद्मिनीत दोन्हींची भेसळ होती, आणि तिचं कौतुक करणाऱ्यानं हे मान्य केलं पाहिजे.

पहिल्या प्रकारचा साधेपणा पाहायचा असेल तर पोर्शेच्याच घरी जावं लागतं, आणि इथे ही तुलना उलटीपालटी होते. ९११ च्या आधी पोर्शेची ३५६ होती. १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात बनलेली तिची पहिली गाडी फोक्सवॅगन बीटलच्या, म्हणजे जर्मनीतल्या सर्वसामान्यांसाठी आखलेल्या गाडीच्या, सुट्या भागांवर उभी होती. तिची ताकद पस्तीस अश्वशक्ती, वजन ५८५ किलो. त्यानंतर विक्रीसाठी जी ३५६ बनली तिचं इंजिन १०८६ सीसीचं होतं आणि ताकद चाळीस अश्वशक्ती.

१०८६ सीसी, चाळीस घोडे. पद्मिनीचे १०८९ सीसी, चाळीस घोडे.

जगातल्या सर्वांत नावाजलेल्या स्पोर्ट्‌स कारच्या घराण्याचा मूळ पुरुष आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी यांच्या इंजिनात तीन सीसीचा फरक आहे. आणि याच अकराशे सीसीच्या वर्गात, थोडं तापवलेलं इंजिन लावून, ३५६ नं १९५१ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गातला विजय मिळवला. फरक पडला तो वजनात आणि अंगाच्या आकारात. हलकी गाडी, वारा कापणारं अंग, लवकर थांबणारी चाकं, हातात जमिनीची खबर देणारं स्टिअरिंग. घोडे तेच, ओझं कमी. आजची ९११ पहिल्या ३५६ च्या अडीचपट वजनाची आहे. तिचे बरेचसे घोडे स्वतःचंच वजन ओढण्यात खर्ची पडतात.

ही वाट आपल्याकडेही एकदा चोखाळली गेली होती, हे फार कमी लोकांना आठवतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन सीटची, उघड्या छपराची गाडी बनू लागली. फायबरग्लासचं अंग, ११४९ सीसीचं रेनॉचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. पद्मिनीपेक्षा फक्त साठ सीसी जास्त. ती फार विकली गेली नाही आणि पुढे बंदही पडली. लोकांनी तिला ‘खरी’ स्पोर्ट्‌स कार मानलं नाही, कारण आकडे लहान होते. वास्तविक साठ-सत्तरच्या वेगातही चालवणाऱ्याला मजा यावी अशी बेताची, हलकी गाडी हीच आपल्या रस्त्यांना शोभणारी स्पोर्ट्‌स कार होती. ऐंशीच्या वेगात ज्या गाडीचा सगळा जीव पणाला लागतो तिच्यात चालवणारा गुंतलेला असतो, जागा असतो. ज्या गाडीला ऐंशी म्हणजे आळस वाटतो, तिच्यातला माणूस एकतर कंटाळतो किंवा नियम मोडतो.

स्पोर्ट्‌स कारच्या पदरात मात्र एक मोठं पुण्य टाकलंच पाहिजे. शर्यतीच्या गाडीनं साध्या गाडीला शिकवलेलं आहे. डिस्क ब्रेकची खरी ताकद जगाला दिसली ती १९५३ च्या ल मान्समध्ये, जॅग्वारच्या गाड्यांवर. आज टेंभुर्णीत उभ्या असलेल्या कुठल्याही साध्या मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क असते. एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग २०१९ पासून आपल्याकडे सक्तीची झाली. पद्मिनीकडे यातलं काहीच नव्हतं. पावसात भिजलेले ड्रम ब्रेक एका बाजूला ओढत, आणि समोरासमोर धडक झाली तर स्टिअरिंगचा दांडा छातीवर येई. ज्यांनी त्या काळात या गाडीत माणसं गमावली, त्यांच्यासमोर ‘जुनं ते सोनं’ म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

म्हणून खरा प्रश्न जुनी की नवी असा विचारताच येत नाही. क्षमता कुणाच्या हातात, कुठल्या रस्त्यावर आणि कुणाच्या जिवावर, असा विचारावा लागतो. १९ मे २०२४ ची पहाट पुण्यानं पाहिली आहे. कल्याणीनगरमध्ये पोर्शेच्याच एका विजेवर चालणाऱ्या गाडीची मोटारसायकलला धडक बसली आणि नोकरीसाठी पुण्यात आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणाला मुकले. चालवणारा अल्पवयीन होता असा पोलिसांचा आरोप. गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांच्या शुल्कापायी अडून राहिलेली होती, असं तेव्हा उघड झालं. सुरुवातीला बाल न्याय मंडळानं त्या मुलाला घातलेल्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक संतापल्यावर तो आदेश फिरवावा लागला. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण शेकडो अश्वशक्तीची गाडी हाती द्यायला आपल्याकडे तोच परवाना पुरतो, जो चाळीस घोड्यांच्या गाडीला पुरतो, ही गोष्ट त्या पहाटेनंतरही बदललेली नाही. ट्रक चालवायला वेगळा परवाना लागतो, कारण ट्रक जड आहे. मग चार सेकंदांत शंभरावर जाणाऱ्या गाडीला वेगळी परीक्षा का नको?

याउलट जुन्या गाडीवर नियमांची नजर कडक आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ ठरते. नव्यानं नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरपाटीवर ‘व्हीए’ अक्षरं, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात पोचल्या आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी तीही रस्त्यावरून उतरली. धूर ओकणारी, ब्रेक सैल झालेली गाडी रस्त्यावर नको, हे बरोबरच आहे. पण एकीकडे सत्तरनं जाणाऱ्या म्हाताऱ्या गाडीला नियमांचं कुंपण आणि दुसरीकडे २९३ नं जाऊ शकणाऱ्या गाडीला फक्त रस्त्याकडेची एक वेगमर्यादेची पाटी, हा तराजू सरळ नाही.

वेगाची हौस पाप नाही. ती माणसाला असते, आणि तिला जागा हवी. मध्य प्रदेशात पिथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणी मार्ग झाला. चेन्नई, कोइम्बतूर, दिल्लीजवळ शर्यतीचे ट्रॅक आहेत. चाकणपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत ज्या महाराष्ट्रात देशातल्या एवढ्या गाड्या बनतात, त्या महाराष्ट्रात सामान्य मालकाला पैसे भरून, हेल्मेट घालून, शिक्षकाला शेजारी बसवून गाडी मनसोक्त पळवता येईल असा पुरेशा लांबीचा मार्ग राज्यानं उभा करायला हवा. जास्त ताकदीच्या गाडीसाठी वेगळी चाचणी हवी. जुन्या फियाट जपणाऱ्यांनी पुढच्या सीटला पट्टे बसवून घ्यावेत, ब्रेक दर हंगामाला तपासावेत आणि रात्रीचा महामार्ग टाळावा. गाड्या बनवणाऱ्यांनी गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल, वाचता येईल असं काहीतरी बॉनेटखाली शिल्लक ठेवावं आणि स्कॅनर त्याच्या हातात परवडेल अशा दरात द्यावा. साखर कारखान्यांनी गव्हाणीत ऊस घेण्याआधी ट्रॉलीचा मागचा रिफ्लेक्टर तपासावा, तो नसेल तर गेटवरच लावून द्यावा.

आणि गळीत हंगामात पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्यांना एक विनंती. गाडी कुठलीही असू द्या, इंदापूर मागे पडलं की काटा ऐंशीच्या खाली आणा. टेंभुर्णीच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्या आहेत, आणि त्यांच्यामागे पायी चाललेली माणसं आहेत.